वाट सोडण्याचे इंग्रजी वाक्प्रचार तुर्की विद्यार्थ्यांना कसे समजवावेत?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बसून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. सध्या माझ्याकडे तुर्कस्तानातले विद्यार्थी जास्त आहेत. इझमीर, बुर्सा, अंकारा असे कुठकुठले. बहुतेक नोकरी सांभाळून तिकडच्या वायडीएस या परदेशी भाषेच्या परीक्षेची तयारी करणारे. माणसं अभ्यासू, आणि वर्गात प्रत्येकाच्या हातात तो कमरेत बारीक असलेला चहाचा पेला असतोच. त्यांच्या नादाने मीही तुर्की शिकतेय, पण कामापुरती.

गाडी अडलीय ती 'वाट सोडण्याच्या' वाक्प्रचारांवर. गो अस्ट्रे, गो ऑफ द रेल्स, स्ट्रे फ्रॉम द स्ट्रेट अँड नॅरो, ऑफ द बीटन ट्रॅक, लीड अप द गार्डन पाथ, गो ऑफ ऑन अ टँजंट, फॉल ऑफ द वॅगन. इंग्रजीत हे पीक अमाप आहे.

कल्पना त्यांना नवी नाही. बिघडलेल्या पोराला तुर्कीत 'योल्दान चिकमिश' म्हणतात. योल म्हणजे रस्ता, चिक्माक म्हणजे निघणं, बाहेर पडणं. आपला 'वाईट मार्गाला लागलेला'. घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे, वाक्यं अशी येतात: 'माय कझिन वेंट आउट फ्रॉम द रोड'. मी म्हणते, आउट नाही, ऑफ. की पुढच्या तासाला 'द सिच्युएशन वेंट ऑफ द कंट्रोल' हजर. म्हणजे एक भोक बुजवलं की दुसरं पडतं.

दुसरं जास्त अवघड आहे. यातला कोणता वाक्प्रचार निंदेचा, कोणता कौतुकाचा, हे त्यांना वरून दिसत नाही. एकाने सरावाच्या निबंधात लिहिलं की त्याच्या कंपनीचा जुना मॅनेजर 'वेंट ऑफ द बीटन ट्रॅक' आणि म्हणून त्याला काढून टाकलं. त्याला म्हणायचं होतं, त्याने पैसे खाल्ले. इंग्रज वाचकाला वाटेल, बिचारा सुट्टीत कुठल्या तरी अनवट खेड्यात गेला आणि नोकरी गमावून बसला.

तुर्की जाणणारे, इंग्रजी शिकवणारे कोणी असतील तर मदत करा. तुर्की शब्द देवनागरीत लिहिताना त्यांचा बिनटिंबाचा आय मी सरळ 'इ'ने लिहितेय, जाणकारांनी सांभाळून घ्यावं. (वाट सोडण्याच्या धाग्यावर अवांतर करण्याचा विनोद कोणीतरी करणारच, म्हणून आधीच सांगते: झाला, हसलो, पुढे.)

तिरकस

मराठी संस्थळावर इंग्रजी वाक्प्रचार, तेही तुर्कांसाठी. चालू द्या. आमच्या पोरांना 'वाट लागणे' आणि 'वाटेला लागणे' यातला फरक कळत नाही, तिकडे कोण बघणार?

शाईपेन

@तिरकस, त्यावर धागा काढा की, पहिला प्रतिसाद माझा.

इस्तंबूलकर

ताई, कंपनीच्या कामाने इस्तंबूलला राहिलोय, बायको तिकडचीच आहे, त्यामुळे घरात हा गोंधळ रोज चालतो.

तुमच्या पहिल्या अडचणीचं मूळ वाक्प्रचारात नाहीच, विभक्तीत आहे. तुर्कीत 'आत', 'वर', 'ला' या सगळ्यासाठी एकच प्रत्यय, -दा (शब्दातल्या स्वरानुसार -दे). एव्दे म्हणजे घरात, मासादा म्हणजे टेबलावर, योल्दा म्हणजे रस्त्यावर. तसाच तिथून निघायचा प्रत्ययही एकच, -दान. एव्देन चिक्ती, घरातून निघाला. मासादान द्युश्त्यु, टेबलावरून पडला. आपल्याकडे 'त' आणि 'वर' वेगळे आहेत म्हणून 'तून' आणि 'वरून'ही वेगळे आहेत. मराठी माणूस 'रुळातून घसरला' चुकूनही म्हणणार नाही. इंग्रजीचं याबाबतीत आपल्याशी जमतं: इन गेलं की आउट ऑफ, ऑन गेलं की ऑफ. तुर्काच्या कानाला ही फटच ऐकू येत नाही.

आता हे तीन बघा. रायदान चिक्माक, रुळावरून घसरणे: ऑफ द रेल्स. कोंत्रोल्देन चिक्माक, ताब्याबाहेर जाणे: आउट ऑफ कंट्रोल. चीरिन्दान चिक्माक, प्रकरण हाताबाहेर जाणे: आउट ऑफ हँड. तिन्हीकडे तुर्कीचा साचा तोच, अमक्या-दान चिक्माक. त्याने एकदा ऑफ शिकला की तो तिन्हींना लावणार. तुमचा विद्यार्थी बेशिस्त नाही, उलट फारच शिस्तीचा आहे.

उपाय म्हणून मी बायकोला ऑफ शिकवणं सोडून दिलं आणि आधी ऑन विचारायला लागलो. बिघडण्याआधी ती गोष्ट कुठे होती? ऑन ट्रॅक? मग बिघडल्यावर ऑफ ट्रॅक. ऑन कोर्स, ऑफ कोर्स. ऑन टॉपिक, ऑफ टॉपिक. पण अंडर कंट्रोल असलेली गोष्ट ऑन नव्हतीच, तर ऑफ होईल कशी? जोडीने पाठ करायची. ऑफ एकटा शिकवला की तो सुटा फिरतो आणि भलत्या ठिकाणी चिकटतो.

जाता जाता, चीर हा शब्द फार सुंदर आहे. बर्फातून माणसं-जनावरं जाऊन पडलेली वाट म्हणजे चीर. त्या वाटेतून बाहेर गेलं की प्रकरण चिघळलं, आणि 'चीर आचमाक', अशी वाट नव्याने पाडणं, म्हणजे नवं युग सुरू करणं. शास्त्रज्ञांबद्दल, कलावंतांबद्दल आदराने म्हणतात. एकाच वाटेवरून निंदा आणि स्तुती दोन्ही निघतात, त्यामुळे तुमची दुसरी अडचण त्यांना तत्त्वतः परकी नाही.

खडूफळा

इस्तंबूलकरांचा प्रतिसाद वाचून चाळीस मुलांच्या वर्गात प्रीपोझिशन्स घोकून घेतलेली वर्षं आठवली. आम्हाला कोणी असं समजावलं असतं तर!

मी स्ट्रेट अँड नॅरोबद्दल, म्हणजे सचोटीच्या वाटेबद्दल लिहितो. यात इंग्रजांची स्वतःचीच फसगत झाली आहे. मूळ वाक्य बायबलमधलं, मॅथ्यूच्या शुभवर्तमानातलं, सातव्या अध्यायातलं चौदावं वचन. 1611च्या किंग जेम्स भाषांतरात ते 'स्ट्रेट इज द गेट, अँड नॅरो इज द वे' असं आहे, पण तो स्ट्रेट सरळ या अर्थाचा नव्हे. उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं, आणि अर्थ अरुंद. म्हणजे दार चिंचोळं आणि वाटही चिंचोळी, दोन्हीकडे तेच. पुढे लोक तो जुना शब्द विसरले आणि त्यांनी 'सरळ' ऐकायला सुरुवात केली. आज जे रूढ आहे ते या गैरसमजातून.

तुर्की विद्यार्थ्यांना मात्र हा जुना शब्द समजवायला सोपा आहे, कारण तो त्यांच्या नकाशावर आहे. बॉस्फरसला इंग्रजीत काय म्हणतात? स्ट्रेट. चिंचोळं पाणी. ते लोक त्याला बोआझ म्हणतात, म्हणजे घसा. इस्तंबूलची निम्मी जनता रोज फेरीबोटीने जे ओलांडते तो हाच मूळ शब्द.

ताई, तुमच्या विद्यार्थ्यांना 'सरळ' वाट लगेच पटेल, कारण कुराणाच्या पहिल्याच सूऱ्यात सिरात-अल-मुस्तकीम, सरळ वाट दाखव अशी प्रार्थना आहे. पण 'अरुंद' कुठून आलं हे विचारतील.

इस्तंबूलकर

गुरुजी, अरुंदही आहे त्यांच्याकडे! सिरातचा पूल. कयामतीच्या दिवशी नरकावरून जाणारा पूल, त्याचं वर्णन लहान पोरालाही पाठ असतं: 'किलदान इंजे, किलिच्तान केस्किन', केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार. तेव्हा सरळ वाट आणि अरुंद वाट दोन्ही तयार, फक्त एकत्र बांधायच्या.

एक सावधगिरी. सरळ वाटेला साध्या तुर्कीत 'दोऽरु योल' म्हणतात आणि हे एका राजकीय पक्षाचंही नाव होतं. दोऽरु योल पक्ष, स्थापना 1983, डेमिरेल यांचा. तान्सू चिल्लर 1993 मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्या याच पक्षाच्या. माझ्या सासऱ्यांसमोर 'अमका सरळ वाट सोडून गेला' म्हटलं की ते आधी विचारतात, मग कुठल्या पक्षात गेला?

काडीपेटी

आपल्याकडे पक्षाचं असं नाव ठेवायची कोणाची हिंमत नाही, संध्याकाळपर्यंत निम्मे लोक वाट सोडतील.

खडूफळा गुरुजी, कठोपनिषदातलं 'क्षुरस्य धारा' राहिलंच की. वस्तऱ्याच्या धारेसारखी ती वाट, ओलांडायला कठीण, असं ज्ञाते सांगतात. तलवार नाही तर वस्तरा, एवढाच फरक.

सांधेवाला

रेल्वेतून निवृत्त. त्यामुळे ऑफ द रेल्सवर बोलायचा माझा हक्क आहे.

रूळ नव्हते तोवर रुळावरून घसरायचा वाक्प्रचारही नव्हता, कुठल्याच भाषेत. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे 16 एप्रिल 1853. अनातोलियात पहिली लाइन इझमीर ते आयदिन, परवाना 1856चा, पूर्ण झाली 1866 मध्ये, इंग्रज कंपनीनेच घातली. त्यामुळे हा एक वाक्प्रचार तिन्ही भाषांत जवळजवळ एकाच वयाचा आहे आणि शिकवायला सगळ्यात सोपा. शाईपेन ताईंचे जे विद्यार्थी इझमीरचे आहेत त्यांच्या गावातूनच त्याची सुरुवात करता येईल.

फरक एवढाच सांगा की ब्रिटिश लोक हा माणसाबद्दल सर्रास वापरतात. घटस्फोटानंतर पिऊ लागला, कामावर येईना, वाटेल ते करू लागला: ही वेंट ऑफ द रेल्स. आणि यात कीव आहे. जो रुळावर होता त्याच्याबद्दलच म्हणायचं. जन्मजात गुंडाला कोणी ऑफ द रेल्स म्हणत नाही, तो रुळावर चढलाच कधी?

आता खरी मजा साइडट्रॅकची. इंग्रजीत 'आय गॉट साइडट्रॅक्ड' म्हणजे एक काम करता करता दुसऱ्यातच गुंतलो. आपण 'सायडिंगला टाकलं' म्हणतो ते पूर्ण वेगळं. साहेबाची मर्जी गेली, आता खुर्ची आहे, काम नाही. डबा सायडिंगला उभा आहे आणि मेन लाइनवरून गाड्या धडधडत चालल्यात. रूळ एकच, पण इंग्रज स्वतः तिकडे भरकटतो आणि मराठी माणसाला दुसरा कोणीतरी नेऊन उभा करतो. हे विद्यार्थ्यांना सांगून उपयोग नाही, पण मला सांगायचं होतं.

तुर्कीत सांध्याला काय म्हणतात? गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते.

इस्तंबूलकर

काका, माकास. म्हणजे कात्री. सांध्याच्या पट्ट्या कात्रीच्या पात्यांसारख्या सरकतात म्हणून. तुम्ही तिकडे असता तर 'माकासची', म्हणजे सांधेवाला, झाला असता. धोरण बदललं की 'माकास देइश्तिर्दी' म्हणतात, सांधा बदलला. आणि इस्तंबूलच्या रिंग रोडवर तरणी पोरं गाड्यांमधून वाकडीतिकडी घुसतात त्याला 'माकास आत्माक'. त्याची बातमी रोज असते.

सांधेवाला

'माकासची'! आवडलं. आयडी बदलून घ्यावा म्हणतो.

बर्लिनवासी

माझ्या शेजारी-पाजारी सगळ्या तुर्की बायका आहेत, वीकेंडला भाजीबाजारात इंग्रजी, जर्मन, तुर्की यांची खिचडी असते. शाईपेन, एका गोष्टीकडे लक्ष दे. वाट सोडण्याचे शब्द पुरुषाला आणि बाईला सारखे लागत नाहीत.

'कोत्यु योला द्युश्मेक' म्हणजे शब्दशः वाईट रस्त्याला पडणे. मुलगा असेल तर जुगार, दारू, गुंडगिरी, काहीही. पण बाईबद्दल म्हटलं की अर्थ एकच उरतो, वेश्याव्यवसाय. आपल्याकडे 'पाऊल वाकडं पडलं' कोणाबद्दल म्हणतात ते आठव. पुरुषाचं पाऊल मराठीत जन्मात वाकडं पडत नाही, तो फार तर 'बहकतो', 'नादी लागतो'. त्यामुळे तुझ्या वर्गातली एखादी 'शी फेल इंटू बॅड वेज' हे वाक्य त्या तुर्की शब्दाचं भाषांतर म्हणून लिहील आणि इंग्रज वाचकाला वाटेल, सिगरेट ओढायला लागली असेल.

उलट दिशेने लीड अस्ट्रे. हा इंग्रजीत आता निम्मा चेष्टेचा झालाय. डाएटवर असलेल्या मैत्रिणीला केक खायला लावला की ती म्हणते, यू आर लीडिंग मी अस्ट्रे. त्याला तुर्कीत सरळ 'बाश्तान चिकारमाक' शब्द लावला तर पंचाईत, कारण त्याचा मुख्य अर्थ मोहात पाडणं, तोही शारीरिक. केकसाठी चालतो, पण ऑफिसातल्या सहकाऱ्याने म्हटला तर दोन भुवया वर जातात. त्यांना सांग की लीड अस्ट्रे त्याहून थंड आहे. आकडेवारीसुद्धा माणसाला अस्ट्रे नेते, आणि तिथे मोहबिह काही नसतो.

संगतीच्या म्हणी मात्र तिकडे झकास आहेत. 'क्योर्ले यातान शाशि काल्कार', आंधळ्याशेजारी झोपला तो तिरळा होऊन उठला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! माझ्या शेजारणीला मी आपली सांगितली. तिला बैल आवडले, पण तिचं म्हणणं असं की तिरळा जास्त पटतो, बैलाला कसला गुण लागणार.

तिरकस

बर्लिनवासी यांच्या पाऊल वाकडं पडण्याच्या मुद्द्याशी सहमत. धागा वाटला होता त्यापेक्षा बरा निघाला.

घाटवाट

मोबाईलवरून टंकतोय, चुका माफ.

बीटन ट्रॅकबद्दल. आपल्याकडे हुबेहूब शब्द आहे, मळलेली वाट. सह्याद्रीत फिरणाऱ्याला विचारा. मळलेली वाट म्हणजे पायाखाली माती घट्ट झालेली, दोन्ही बाजूंचं गवत झोपलेलं, कारवीचे फोक मोडलेले, मध्येच बिस्किटाचा कागद. डोळे झाकून चाला. ती सोडली की ढोरवाटा लागतात. दहा दिशांना फुटतात आणि गुरं जिथे चरायला जातात तिथेच संपतात. म्हणजे खरं पाहता मळलेली वाट सोडणं हा मूर्खपणा. पण शहरातल्या माणसाला गर्दीचा कंटाळा आला आणि त्याने त्याचं कौतुक करून टाकलं. ताईंच्या विद्यार्थ्याला हेच सांगावं: ऑफ द बीटन ट्रॅक हा पर्यटकाचा शब्द आहे, नीतीचा नाही. जागेबद्दल वापर, माणसाच्या चारित्र्याबद्दल नको. त्याचा मॅनेजर फार तर 'स्ट्रेड फ्रॉम द स्ट्रेट अँड नॅरो', आणि तोही थोडा मिश्कील सूर आहे. पैसे खाल्ले असतील तर सरळ तसं लिही म्हणावं.

आणि वाट चुकण्यात आपला चकवा कसा विसरलात? कोकणात, घाटाखाली, रानात माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. चकवा लागला म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची, कळलं की चालणं थांबवायचं आणि उजाडेपर्यंत बसून राहायचं. यात माणसाचा दोष नाही हे महत्त्वाचं. तो बहकला नाही, त्याला बहकवलं.

खडूफळा

घाटवाट, इंग्लंडातही आहे तो. डेव्हन, कॉर्नवॉलकडे त्याला पिक्सी-लेड म्हणतात. पिक्सी म्हणजे खोडकर बुटकी भुतं, ती माणसाला माळावर गोल गोल फिरवतात. उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. आपल्याकडे बसायचं, त्यांच्याकडे कोट उलटवायचा. थंडीत बसणार तरी कसं म्हणा.

इस्तंबूलकर

अनवट जागेला तुर्कीत 'सापा येर' म्हणतात. साप्माक म्हणजे वळणं, फाटा घेणं. पण त्यात कौतुक नाही, तिकडे बस जात नाही एवढाच अर्थ. जास्त रंगीत हवं तर 'कुश उचमाझ, केरवान गेचमेझ', जिथे पक्षी उडत नाही आणि कारवां जात नाही. हेही तक्रारीचं. बदली तिकडे झाली की म्हणतात. मग विद्यार्थ्याला कौतुक ऐकू येणार कुठून? मूळ ओढ कळपात राहण्याची आहे: 'स्युऱ्युदेन आयरिलानी कुर्त कापार', कळप सोडला त्याला लांडग्याने नेलं.

आता टँजंट. ताई, इथे खड्डा आहे. तुर्कीत टँजंट म्हणजे तेएत, आणि 'तेएत गेचमेक' हा रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे. अर्थ पूर्ण वेगळा: हलकेच घासून जाणे, इजा न करता निघून जाणे. 2008च्या जागतिक मंदीच्या वेळी एर्दोआन म्हणाले होते की संकट आपल्याला तेएत जाईल. नंतर विरोधकांनी वर्षानुवर्षं तो शब्द त्यांच्यावर फेकला. त्यामुळे 'द प्रोफेसर वेंट ऑफ ऑन अ टँजंट', म्हणजे प्रोफेसर विषय सोडून भरकटले, हे वाचून विद्यार्थ्याला वाटतं, प्रोफेसर थोडक्यात वाचले.

दोघांची भूमिती एकच आहे. इंग्रज वर्तुळावरून सुटून रेषेवर निघून गेलेल्याकडे बघतो, तुर्क बाहेरून आलेली रेषा वर्तुळाला फक्त शिवून गेली हे बघतो. फळ्यावर वर्तुळ काढा आणि बाण दोन दिशांनी काढा, काम होईल.

तेएत या शब्दाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. आधी अरबीतून आलेला 'मुमास' होता, शिवणारा. आपली स्पर्शिका तशीच. 1936-37च्या हिवाळ्यात अतातुर्क यांनी स्वतः बसून भूमितीचं छोटं पुस्तक लिहिलं आणि कोन, त्रिकोण यांच्याबरोबर याही शब्दाला तुर्की पर्याय दिला. राष्ट्राध्यक्षाने भूमितीची परिभाषा घडवावी!

काडीपेटी

सावरकरांच्या भाषाशुद्धीचा धागा इथे सुरू होऊ नये म्हणून मी जीभ चावून बसलोय.

शाईपेन

काय काय माहिती दिलीत! सगळ्यांचे आभार. दरम्यान एक तास होऊन गेला, त्यात ऑन-ऑफच्या जोड्या वापरून पाहिल्या. ट्रॅक, कोर्स, टॉपिकपर्यंत सुरळीत गेलं. वॅगनला अडकलं.

फॉल ऑफ द वॅगन म्हणजे दारू सोडलेल्या माणसाने परत प्यायला लागणं. ऑन द वॅगन म्हणजे न पिणारा. अमेरिकेत रस्त्यावर पाणी मारणारी गाडी असायची, त्या पाण्याच्या गाडीवर बसलोय, म्हणजे पाणीच पितोय, असा त्याचा उगम. मी हे सांगायच्या आत सगळ्या वर्गाने एकमताने अर्थ लावला की माणूस चालत्या ट्रेनमधून पडला, कारण तुर्कीत वागोन म्हणजे रेल्वेचा डबा. एकजण तर म्हणाली, बरोबर आहे, दारू प्यायल्यावर पडणारच. अर्थापर्यंत उलट्या बाजूने पोचली! तिला चूक म्हणू की बरोबर?

तुर्कीत यासाठी 'त्योव्बे बोझमाक' आहे असं त्यांनीच सांगितलं. त्योव्बे म्हणजे आपली तोबा. तोबा मोडली. यात गाडी नाही, वाट नाही, देवापुढचा शब्द आहे. इंग्रजीत माणूस पडतो, तुर्कीत वचन मोडतो. एवढं समजल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं की इंग्रजीतला दारुडा जास्त लवकर माफ होतो.

गार्डन पाथचं कसं करू? बागेतून फिरवून आणणं त्यांना रोमँटिक वाटतं.

खडूफळा

गार्डन पाथ या यादीत टाकूच नका. दिसायला वाटेचा असला तरी तो फसवण्याचा वाक्प्रचार आहे, बिघडण्याचा नाही. ज्याला गार्डन पाथवर नेलं त्याने काही पाप केलेलं नसतं, त्याला कोणीतरी झुलवलेलं असतं. आपला 'शेंडी लावणे' घ्या. ब्रिटिश अप म्हणतात, अमेरिकन डाउन, अर्थ तोच.

त्याच्या दिसण्याने फसून त्याला प्रिमरोज पाथच्या पंगतीत बसवतात. तो मात्र खरा बिघडण्याचा: फुलांनी भरलेली सुखाची वाट, शेवटी विनाश. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये ऑफिलिया भावाला सुनावते की मला काट्यांची वाट दाखवून तू स्वतः त्या फुलांच्या वाटेने जाऊ नकोस. आज बोलण्यात फारसा नाही. वाचताना ओळखला तरी पुरे.

भाषाशास्त्रात मात्र गार्डन पाथचा छान उपयोग झालाय. 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे बीव्हर यांचं 1970चं वाक्य. वाचक 'घोडा धावला' समजून पुढे जातो आणि शेवटच्या शब्दाला आपटतो, कारण तो 'धावडवलेला घोडा' असतो. मराठीत 'धावडवलेला' म्हटल्याबरोबर पुढे नाम येणार हे कळतं, तुर्कीतही कृदंत आधीच येतं, म्हणून या वाक्यावर तुमचे विद्यार्थी आणि तुम्ही सारखेच चक्रावाल.

इस्तंबूलकर

शेंडी लावण्याला तुर्की 'आयाक्ता उयुत्माक', उभ्या उभ्या झोपवणे. बाग विसरतील.

बर्लिनवासी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. भटक्याला तुर्कीत आवारे म्हणतात, आपला आवारा. राज कपूरचा 1951चा आवारा तिकडे याच नावाने लागला आणि इतका चालला की आमच्या इमारतीतली एक आजी मला बघितली की अजून 'आवारे मू' गुणगुणते. शब्द एक अक्षरही समजत नाहीत तिला, तो एक सोडून.

मोकाट कुत्रा म्हणजे बाशिबोश, डोकं मोकळं, दावं नसलेला. स्ट्रे बुलेट म्हणजे 'सेरसेरी कुर्शुन', उनाड गोळी! लग्नात हवेत गोळीबार करायची खोड तिकडेही आहे, त्यामुळे हा शब्द बातम्यांत सारखा येतो. स्ट्रे हे विशेषण शिकवताना या दोन्ही जोड्या उपयोगी पडतील.

आणि फसवणारा एक. आपल्याला हिंदीमुळे गुमराह माहीत आहे, वाट हरवलेला. फारसीतून तोच शब्द तिकडे गेला, पण आजच्या तुर्कीत ग्युमराह म्हणजे दाट, भरघोस. शेजारीण माझ्या मुलीचे केस विंचरताना म्हणाली, किती ग्युमराह आहेत, आणि मी दचकले.

काडीपेटी

केस गुमराह असणं हे टक्कल पडण्याआधीचं सुख आहे.

शाईपेन

सेरसेरी कुर्शुन उद्याच वापरते.

शेवटचा एक प्रश्न, मग थांबते. आउट ऑफ वन्स वे. 'शी वेंट आउट ऑफ हर वे टू हेल्प मी' हे वाक्य दिलं तर निम्म्या वर्गाने 'योल्दान चिक्ती' केलं, म्हणजे मदत करता करता बाई बिघडली. इस्तंबूलकरांच्या नियमाने ऑन द वे असेल तर ऑफ द वे व्हायला हवं, पण इथे आउट ऑफ. नियम मोडला की काय?

इस्तंबूलकर

मोडला नाही, हा वेगळा वे आहे. 'इन माय वे' म्हणतातच ना, माझ्या वाटेत आडवा. त्याची जोडी आउट ऑफ. आपल्याकडे याला 'वाट वाकडी करून आली' असा चपखल शब्द आहे, पण वर्गात तुर्कीतून सांगायचं तर वाट सोडूनच द्या. 'झाहमेत एतमेक' सांगा, तसदी घेणं. 'झाहमेत एदिप यार्दिम एत्ती', तसदी घेऊन मदत केली.

मग विचारा, कोणी वाट वाकडी करून तुमच्या घरी आलं तर दारात काय म्हणता? सगळे एका सुरात म्हणतील, 'आयाआना सालिक', तुझ्या पायांना आरोग्य लाभो. पाहुणा वडीलधारा असेल तर 'आयाक्लारिनिझा सालिक', हे आदरार्थी. ते आलं की इंग्रजी वाक्य पुन्हा वाचायला लावा, बाई बिघडणार नाही.